तिसऱ्या खेपेचं इंग्रजी

थकव्याला इंग्रजीत किती शब्द आहेत, हे मला रोज सकाळी सहा वाजता पाठ करावं लागायचं. लेथार्जी, लॅसिट्यूड, टॉर्पर, लॅन्गर, एन्नुई. पाच शब्दांची पाच कार्डं, आणि प्रत्येकाच्या मागे माझ्याच अक्षरात मराठी अर्थ. पहिल्या वर्षी मी हौसेनं बारीक फरक लिहून ठेवले होते, हा अंगाचा, हा मनाचा, हा उन्हाळ्याच्या दुपारचा. तिसऱ्या वर्षी नवी कार्डं केली तेव्हा पाचांच्याही मागे ‘थकवा, मरगळ’ एवढंच लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. मला आपले शब्द पुरतात. शीण पाठीला येतो, कंटाळा डोक्याला येतो, पायांचे तुकडे पडतात, आणि दिवसभर बर्फाशी काम केलं की बोटं मेल्यासारखी होतात. कुठला थकवा कुठे आहे हे मी नेमकं सांगू शकते, पण परीक्षेत ते कुणी विचारत नाही.

तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. रत्नागिरीच्या औद्योगिक वसाहतीत मासळी परदेशी पाठवणारा एक कारखाना आहे, तिथल्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं नोकरी झाली होती. काम म्हणजे कोळंबी आणि म्हाकुळाचे नमुने तपासायचे, बर्फाचं पाणी तपासायचं, टेबलांवरून कापूस फिरवून जंतू वाढतात का बघायचं, आणि संध्याकाळी तक्ता भरायचा. तक्ता इंग्रजीत. ‘ॲब्सेंट’, ‘कम्प्लाइज’, ‘नॉट डिटेक्टेड’. माझ्या नोकरीचं सगळं इंग्रजी चाळीस शब्दांत मावायचं आणि त्या चाळीस शब्दांवर माझी सही असायची.

एकदा आमचा कोळंबीचा एक अख्खा लॉट परदेशातून परत आला. तळ्यात कोळंबीला दिलेल्या औषधाचा अंश सापडला म्हणाले. माझ्या कागदावर ‘नॉट डिटेक्टेड’ होतं आणि त्यांच्या कागदावर ‘डिटेक्टेड’. मी खोटं लिहिलं नव्हतं, माझ्या यंत्राला तो दिसलाच नव्हता. पण का दिसला नाही, आणि त्यांना कसा दिसला, हे मी ज्याला विचारलं त्यानं खांदे उडवले. साहेब म्हणाले, तुम्ही तपासा आणि सही करा, बाकीचं आम्ही बघतो. त्या दिवसापासून सही करताना माझा हात अडखळायला लागला. मला ते ‘का’ शिकायचं होतं. एवढं साधं कारण, पण ते कुणाला सांगायला गेलं की समोरचा म्हणायचा, या वयात?

शोधत शोधत एका परदेशी विद्यापीठात पोचले, तिथं अन्नसुरक्षेत मास्टर्स होतं. विभागातल्या बाईंना मी लॉटची गोष्ट जशीच्या तशी लिहून कळवली. त्यांचं सविस्तर उत्तर आलं. तुमचा अनुभव आम्हाला हवा आहे, गुणपत्रिका चांगल्या आहेत, गणिताच्या भागाची काळजी नाही, फक्त प्रवेश परीक्षेत इंग्रजीच्या भागात आमच्या नियमाइतके गुण आणा. पहिल्या खेपेला नऊ गुण कमी पडले. दुसऱ्या खेपेला चार. मग बाईंनी लिहिलं की तुमच्यासाठी ठेवलेली जागा या वर्षापर्यंतच ठेवता येईल, नंतर नियम बदलतायत, माझ्या हातात राहणार नाही. म्हणजे तिसरी खेप ही शेवटची. घरात आईनंही तेच बजावून ठेवलं होतं.

आईचा शिक्षणाला विरोध होता असं कुणी समजू नये. तिचा विरोध माझ्या तोंडाकडे बघून होता. “रया गेली हाय तुझ्या तोंडाची,” ती म्हणायची. “ही शेवटची. मग सुखानं दोन घास खा नि झोप.” तिनं स्वतः लग्नाआधी आणि लग्नानंतर मिळून एकोणीस वर्षं शेडमध्ये उभ्यानं कोळंबी सोलली होती. गुडघ्यांनी जवाब दिला तेव्हा घरी बसली. थकलेलं माणूस कसं दिसतं, हे तिला कार्डं न वाचता कळायचं.

माझी कार्डं धरायचे बाबा. बाबा जहाजावर खलाशी म्हणून चढले आणि बोसन होऊन उतरले, म्हणजे डेकवरच्या माणसांचे मुकादम. सातवी शिकलेले, पण तीस वर्षं निरनिराळ्या देशांच्या कप्तानांचं इंग्रजी ऐकलेलं. पडवीत खुर्ची टाकून ते कार्ड डोळ्यांपासून लांब धरायचे आणि शब्द असा ओरडायचे की शेजारच्या कोंबड्या उडायच्या. मी दात घासता घासता अर्थ सांगायचा. चुकलं की ते कार्ड गठ्ठ्याच्या तळाला.

बाबांचं इंग्रजी आणि परीक्षेचं इंग्रजी यांचा कायम तंटा. ‘फास्ट’ हा शब्द आला तेव्हा मी ‘वेगवान’ म्हणून पुढे निघाले, तर बाबांनी कार्ड खालीच ठेवलं. “फास्ट म्हणजे घट्ट. मेक फास्ट म्हटलान् कप्तानानं की दोरखंड बांधून टाकायचा. वेगाचा काय संबंध?” मी पुस्तक काढून बघितलं, आणि खरंच, परीक्षेला हवा होता तो हाच अर्थ. मी कार्डामागे लिहून घेतलं. पण मग त्यांना चेव चढला. वर्ड लिस्ट या शब्दावरच ते हसायचे. “लिस्ट म्हणजे जहाज एका बाजूला कलणं. तुझी ही हजार शब्दांची लिस्ट, कलायचीच तू.” हसताना त्यांना खोकला यायचा. मग आई आतून ओरडायची की पोरीची बस चुकेल, बंद करा ती शाळा.

बसमध्ये उरलेली कार्डं. कारखान्यात गमबूट, डोक्याला जाळीची टोपी, क्लोरिनचा वास. परतीच्या बसमध्ये पुन्हा कार्डं, पण तेव्हा अक्षरं पोहायला लागायची. खिडकीशी बसलेल्या बायका माझ्याकडे दयेनं बघायच्या. एकीनं एकदा विचारलंही, “कसली परीक्षा गो, प्रमोशनची?” मी हो म्हणून टाकलं. खरं सांगायला लागणारी वाक्यंसुद्धा माझ्या अंगात उरली नव्हती.

आठवड्यातून तीन संध्याकाळी पुण्याचा ऑनलाइन क्लास असायचा. शिकवणारे सर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, झपाझप बोलणारे, आणि मला ‘मॅडम’ म्हणणारे. ते मनानं चांगले होते, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्यावर चिडणार आहे.

एका सराव परीक्षेत कीटकांवरच्या कुठल्याशा संशोधनाचा परिच्छेद होता. लेखक शेवटी म्हणतो की या अभ्यासाचा ‘स्कोप’ मर्यादित आहे. खाली प्रश्न होता, लेखकाचा सूर कसा आहे? पर्याय चार, त्यात एक ‘तुच्छतेचा’ आणि एक ‘सावध पसंतीचा’. मी क्षणाचाही विचार न करता तुच्छता निवडली. माणूस उघड उघड म्हणतोय स्कोप नाही, आणखी कसला सूर लावायचा राहिलाय? सरांनी उत्तर दाखवलं, सावध पसंती. मी माईक चालू करून भांडले. सर हसले. म्हणाले, “मॅडम, स्कोप म्हणजे व्याप्ती. कुठपर्यंत बघितलं ते. तो फक्त एवढंच सांगतोय की आम्ही एवढंच बघितलं.”

मला त्यांच्या हसण्याचा भयंकर राग आला. कारण आमच्याकडे स्कोप हा शब्द व्याप्तीचा नाहीच, तो निकालाचा आहे. दहावीनंतर ऐकलं, आर्ट्सला स्कोप नाही. बारावीनंतर ऐकलं, साध्या बी.एस्सी.ला स्कोप नाही. पदवी झाल्यावर एसटी स्टँडवर भेटलेल्या लांबच्या काकांनी विचारलं, मासळीच्या लाइनला काय स्कोप? ज्याला स्कोप नाही ते संपलं, तिकडे जाऊ नये, गेलेल्यानं परत यावं. हे ऐकत मी मोठी झाले. आता एक शास्त्रज्ञ स्वतःच्याच अभ्यासाबद्दल शांतपणे म्हणतो की याचा स्कोप मर्यादित आहे, आणि त्याला त्यात काही कमीपणा वाटत नाही, हे माझ्या डोक्यात शिरणार कसं? क्लास संपल्यावर राजापूरच्या एका मुलीचा मला खासगीत मेसेज आला. ‘ताई, मी पण तुच्छताच टिक केलं होतं.’ तेवढ्यानं जरा बरं वाटलं.

सकाळी बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, सर पण चुकले. स्कोप म्हणजे नांगराची साखळी किती सोडायची ते. पाण्याच्या खोलीच्या चार-पाच पट सोडली तर नांगर धरतो, कमी सोडली तर जहाज घसरत जातं. मी म्हटलं, बाबा, ही तिसरी भानगड मला परीक्षेत नको. त्यांनी पुढचं कार्ड उचललं. त्यांना वाईट वाटलं हे मला दिसलं होतं, पण समजूत घालायला वेळ नव्हता. त्या वर्षी मी घरातल्या माणसांशी फार तुटक वागले.

सरांनी माझ्या सगळ्या सराव परीक्षा बसून तपासल्या आणि एक दिवस मुद्दाम फोन केला. म्हणाले, “मॅडम, तुमचे शब्द आता पक्के आहेत. तुमची अडचण दुसरीच आहे. तुम्ही वाचता.” मला कळेना. “वाचायचं नसतं,” ते म्हणाले. “आधी प्रश्न बघायचा, मग परिच्छेदात उत्तर शोधायचं, सापडलं की बाहेर. तुम्ही आत बसून राहता.” ते खरंच होतं. शाळेपासून मला असंच वाचायला शिकवलं होतं, पहिल्या शब्दापासून, सावकाश, ओठ हलवत. ते मोडायला मला चार महिने लागले. परिच्छेद समोर आला की डोळे बांधल्यासारखं आत जायचं, हवं ते ओढायचं, पळायचं. हळूहळू जमायला लागलं. शेवटच्या तीन सराव परीक्षांत मला नियमापेक्षा जास्त गुण पडले. सरांनी टाळ्यांचं चित्र पाठवलं. कोण मेलं, कोण जगलं, कशाचा शोध लागला, काही लक्षात राहत नव्हतं, पण गुण पडत होते.

परीक्षेचं केंद्र कोल्हापुरात होतं. आदल्या दिवशी दुपारच्या गाडीनं गेले, लॉजवर राहिले, सकाळी वेळेवर पोचले. तिथल्या बाईंनी घड्याळ, रुमाल, पाण्याची बाटली सगळं काढून घेतलं आणि मला खोक्यासारख्या एका कप्प्यात बसवलं, समोर संगणकाचा पडदा, कोपऱ्यात उलटं धावणारं घड्याळ. पहिला भाग छान गेला. गणितही नीट झालं. इंग्रजीच्या दुसऱ्या भागात शब्दांचे प्रश्न मी भराभर उडवले. ‘फास्ट’ आला होता, बाबांच्या अर्थानं. मला हसू आलं. वेळ हातात होता.

मग एक लांब परिच्छेद उघडला. मी शिकवल्याप्रमाणे आधी प्रश्न बघितला. ‘लेखक कापडाच्या पट्ट्यांचा उल्लेख मुख्यतः कशासाठी करतो?’ पट्ट्या शोधायला मी आत गेले आणि बाहेर आलेच नाही.

तो परिच्छेद मासळी कापणाऱ्या बायकांवर होता. कुठल्याशा थंड मुलखात, कुठल्याशा जुन्या काळात, होड्या जिकडे मासळी उतरवतील तिकडे या बायका बंदरामागून बंदर जायच्या. उघड्यावर टेबलं मांडलेली. मीठ, वारा आणि धारेची सुरी. बोटं कापू नयेत आणि कापलेल्यात मीठ जाऊ नये म्हणून त्या पहाटे एकमेकींच्या बोटांना पिठाच्या पोत्याच्या पट्ट्या गुंडाळून द्यायच्या. एकटीला स्वतःच्या दोन्ही हातांना बांधता येत नाही, म्हणून जोड्या ठरलेल्या. एका हंगामात फार पाऊस झाला. त्यांनी टेबलांवर छप्पर मागितलं. नाही म्हणाल्यावर सगळ्यांनी सुऱ्या खाली ठेवल्या आणि त्या धक्क्यावर हात बांधून उभ्या राहिल्या. होड्या भरलेल्या, मासळी सडायला लागलेली, आणि या उभ्या. इथं परिच्छेद संपला. शेवटचं वाक्य होतं की इतिहासकारांनी या घटनेकडे पुरेसं लक्ष दिलेलं नाही.

मी तो तीनदा वाचला. पहिल्या शब्दापासून, सावकाश, बहुतेक ओठ हलवत. अडलेला एकही शब्द नव्हता. तीन वर्षांत पहिल्यांदा मी इंग्रजी वाचत नव्हते, बायकांबद्दल वाचत होते. माझ्या कारखान्यातलं टेबल दिसत होतं, आई दिसत होती. बोटांना पट्टी बांधणारी दुसरी बाई कशी उभी राहत असेल, तेसुद्धा दिसत होतं. मी सुखात होते, हे मला आज कबूल करायला हवं. मग कोपऱ्यात नजर गेली तर घड्याळ लाल झालं होतं आणि पाच प्रश्न उघडायचेच राहिले होते. मी पाचांनाही न वाचता दुसरा पर्याय ठोकला. पट्ट्यांच्या प्रश्नाचं उत्तर बरोबर दिलं की नाही, ते मला आजही ठाऊक नाही.

पडद्यावर लगेच गुण आले. दोन कमी.

बाहेर आल्यावर त्या बाईंनी माझं घड्याळ आणि बाटली परत दिली आणि विचारलं, कसा गेला पेपर? मी म्हटलं, छान होता. त्यांना वाटलं मी पास झाले, त्यांनी अभिनंदन केलं. मी आभार मानले. परतीच्या बसमध्ये रडू येईल असं वाटलं होतं, पण नाही आलं. आंबा घाट उतरताना मला स्वतःचा संताप संताप झाला. सरांना काय सांगू? त्या परदेशी बाईंना काय लिहू, की मासळीबद्दल शिकायला यायचं होतं पण मासळीबद्दल वाचत बसल्यामुळे राहिलं? आणि त्या संतापाच्या खाली आणखी एक गोष्ट होती, ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. मला तो परिच्छेद पुन्हा हवा होता.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. बाबा पायरीवरच होते. “किती?” म्हणाले. मी म्हटलं, “दोन कमी.” त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि पंप बंद करायला मागे गेले. आई चुलीपाशी भाकऱ्या करत होती. तिनं ऐकलं होतं. ताट वाढलं. ती मला बोलली असती तर सोपं गेलं असतं.

चार घास गेल्यावर मीच सुरुवात केली, कशासाठी ते माहीत नाही, बहुधा शांतता सहन होईना म्हणून. म्हटलं, वेळ गेला तो एका परिच्छेदात गेला. आणि मी तिला तो मराठीत सांगायला लागले. तीन वर्षांत मी अभ्यासातली गोष्ट आईला सांगितल्याचं आठवत नाही.

“उभ्यानं?” आईनं विचारलं.

“उभ्यानंच. आणि उघड्यावर.”

“पट्ट्या कसल्या? नुसत्या कापडाच्या? ते भिजलं की आणखी झोंबतं.”

“पिठाच्या पोत्याच्या.”

“हां. मग बरं. ते लवकर सुकतं.” तिनं भाकरी उलटली. “आमी रबराची बोटं घालायचो, आत पाणी शिरायचं. मग मी काढूनच टाकली. आणि बांधायचं कोण?”

“एकमेकींची. जोड्या ठरलेल्या.”

आई स्वतःच्या हातांकडे बघत होती. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं. मी पावसाचं सांगितलं, छपराचं सांगितलं, सुऱ्या खाली ठेवल्याचं सांगितलं, भरलेल्या होड्यांचं सांगितलं.

“मग?” ती म्हणाली. “छप्पर घातलंनी की नाय?”

“माहीत नाही. तिथंच संपतं. खाली प्रश्न होते.”

“असं कसं संपतं? बाया उभ्या हायत ना तिथं?”

“तेवढंच दिलं होतं, आई.”

तिनं करपलेली भाकरी काढून स्वतःच्या ताटात ठेवली आणि नवी थापायला घेतली. अर्धी थापून झाल्यावर हात थांबवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “परत बसलंस परीक्षेला, तर पुढचं येईल काय गो?”

मी ‘येईल’ म्हटलं.